नाटी सीसीएल मराठीतून: फी भरल्यापासून निकालापर्यंत

ऑस्ट्रेलियात पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या व्हिसाच्या, रांगेत असलेली मराठी मंडळी एकत्र जमली की गप्पा फिरून फिरून त्या व्हिसाच्या पॉइंट्सवर येतात. वयाचे किती, इंग्रजीचे किती, नवऱ्याचे धरलेस का. मग कुणीतरी म्हणतंच, "अगं, नाटी देऊन टाक ना, पाच पॉइंट हातचे आहेत. मराठी तर येतंच की आपल्याला!" हा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यातल्या बहुतेकांनी स्वतः परीक्षा हिंदीतून दिली होती. मराठीतून दिलेल्या कुणाचा नीट, सविस्तर अनुभव मला तेव्हा वाचायला मिळाला नाही. आता परीक्षा झाली, निकाल लागला, डोकं ताळ्यावर आहे, तोवर सगळं लिहून ठेवते.

आधी ही परीक्षा म्हणजे काय ते सांगते, कारण नावावरून घोळ होतो. नाटी ही भाषांतरकार आणि दुभाषांना मान्यता देणारी ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय संस्था. १९७७ साली सुरू झाली. तिच्या खऱ्या व्यावसायिक परीक्षा वेगळ्या आणि पुष्कळ अवघड. आपण जी देतो ती सीसीएल, म्हणजे क्रेडेन्शल्ड कम्युनिटी लँग्वेज, २०१८ पासूनची. ती पास झालं म्हणून दुभाषा म्हणून काम करता येत नाही. तिचा उपयोग व्हिसाच्या पॉइंट्सपुरता: १८९, १९० आणि ४९१ या क्रमांकांच्या, कौशल्यावर मिळणाऱ्या व्हिसांसाठी पाच पॉइंट. तेही मुख्य अर्जदाराने दिली असेल तरच. जोडीदाराने पास होऊन काही फायदा नाही, हे आमच्या घरात बरंच उशिरा कळलं आणि नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

स्वरूप असं. दोन संवाद असतात. प्रत्येकात एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी. डॉक्टर आणि पेशंट, एजंट आणि भाडेकरू, वकील आणि अशील, शाळेतली बाई आणि पालक. एका संवादात साधारण तीनशे शब्द, आणि त्याचे छोटे छोटे तुकडे पाडलेले. एक तुकडा जास्तीत जास्त पस्तीसेक शब्दांचा. तुकडा संपला की टिंग असा आवाज येतो आणि तुम्ही ते दुसऱ्या भाषेत सांगायचं. इंग्रजी ऐकलं तर मराठीत, मराठी ऐकलं तर इंग्रजीत. लिहायचं काही नाही, सगळं तोंडी. एका संवादाला ४५ मार्क, दोन मिळून ९०. पास व्हायला एकूण ६३ लागतात आणि दोन्ही संवादांत किमान २९. म्हणजे एक संवाद छान आणि दुसरा वाईट अशी भरपाई एका मर्यादेपर्यंतच चालते. विषय कुठलाही येऊ शकतो: आरोग्य, कायदा, घरभाडं, नोकरी, शिक्षण, विमा, बँक, इमिग्रेशन, ग्राहक तक्रारी, सरकारी मदत.

माझं गणित सरळ होतं. वयाचे ३०, इंग्रजीचे २०, पदवीचे १५, इथल्या शिक्षणाचे ५, नवऱ्याच्या इंग्रजीचे ५. एकूण ७५. कागदोपत्री ६५ पॉइंटवर अर्ज टाकता येतो, पण आमच्या क्षेत्रात तेवढ्यावर कुणी विचारत नाही. कामाचा अनुभव वाढायला वर्ष जाणार होतं, वय काही कमी होणार नव्हतं. राहिली नाटी.

हिंदी की मराठी, यावर मी बरेच दिवस घातले. हिंदीच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. क्लास पुष्कळ, सरावाचे संवाद पुष्कळ, ओळखीत दिलेली माणसं पुष्कळ. मराठीचं तसं नाही. मी एका क्लासला विचारलं तर मराठीची बॅच नाही म्हणाले, पण साहित्य देऊ म्हणाले. नमुना म्हणून जे पाठवलं ते हिंदी संवाद मशीनमधून काढून मराठी केलेले होते. त्यातला पेशंट डॉक्टरला म्हणत होता, "मला आपली मदत पाहिजे आहे, कृपया करून." अशा मराठीवर सराव करण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं. शेवटी मी स्वतःची एक चाचणी घेतली. घरभाड्याबद्दलचं इंग्रजी पत्रक उघडलं, एक परिच्छेद मोठ्याने हिंदीत सांगितला आणि मग तोच मराठीत. हिंदीत माझी क्रियापदं सिनेमातली निघत होती आणि लिंग चुकत होतं. मराठीत शब्द अडत होते, पण वाक्य आपोआप उभं राहत होतं. शब्द पाठ करता येतात, वाक्याची चाल ऐन वेळी कुठून आणणार? तुमचं उलट असेल तर बिनदिक्कत हिंदी घ्या. व्हिसाच्या लेखी दोन्हींचे पाचच.

फेब्रुवारीच्या शेवटी नाटीच्या पोर्टलवर खातं उघडलं. इथे आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव त्याच रकान्यात असतं. इथे सगळीकडे आपण ते गाळतो. बँकेत नसतं, ऑफिसात नसतं. नाटीच्या अर्जात मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं भरा, कारण परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी ताडून बघतात आणि पुढे व्हिसाच्या अर्जातही तेच नाव लागतं.

मी भरली तेव्हा फी आठशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या थोडी वर होती. भरताना बोट थबकतं. आमचं महिन्याचं घरसामान त्यात आलं असतं. फी बदलत असते, त्यामुळे आकडा संकेतस्थळावर पाहूनच हिशेब करा. आणि तारीख बदलण्याचे, रद्द करण्याचे नियम पैसे भरायच्या आधी वाचा. मराठीच्या तारखा हिंदीइतक्या भराभर दिसत नव्हत्या. मला मिळाली ती १४ मे, बुधवार, सकाळी साडेअकरा. मी लगेच ऑफिसात रजा टाकली. आजारी पडल्याचं सोंग आणून परीक्षा देणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, मला जमलं नसतं.

मार्चच्या सुरुवातीला नाटीच्या संकेतस्थळावरचे मोफत सराव संवाद लावले. कुणीही तयारी तिथूनच सुरू करावी, कारण आवाजाचा वेग, मधली शांतता, टिंगचा आवाज हे सगळं कानावरून जातं. पहिल्यांदा ऐकताना मला सगळं समजलं. इंग्रजी समजलं, मराठी तर समजणारच. टिंग झालं आणि तोंडातून पहिलं अर्धं वाक्य बाहेर आलं, बाकीचं कुठे गेलं कुणास ठाऊक. पस्तीस शब्द वाचायला किरकोळ वाटतात. एकदाच ऐकून, काही न गाळता, दुसऱ्या भाषेत सांगायचे म्हटलं की ते भरपूर होतात.

मार्क कसे जातात हे कळल्यावर माझ्या तयारीची दिशा ठरली. इथे चांगल्या भाषेचे मार्क मिळवायचे नसतात. हातात पूर्ण ४५ असतात आणि त्यातून कापले जातात. गाळलंत, कापले. स्वतःचं घातलंत, कापले. अर्थ वाकवलात, कापले. फार थांबलात, अडखळलात, दर वाक्याला माघार घेऊन सुधारत बसलात, तरी थोडे कापले. सुंदर मराठीला वेगळं बक्षीस नाही. हे एकदा डोक्यात बसलं की शब्दकोश घेऊन जड शब्द पाठ करण्याचा मोह जातो. मोह मलाही झाला होता. मी वहीत 'परिवीक्षाधीन' लिहून ठेवला होता! नोकरी लागलेला कुठला मराठी माणूस असं म्हणतो? तो म्हणतो, "सहा महिने प्रोबेशन आहे."

सरावाला माणूस हवं होतं. नवरा इंग्रजी बाजू वाचायला तयार होता, पण तो मराठी वाचताना हसायला लागायचा, मग मीही हसायचे. मदतीला आले सासरे. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, दिवसभर मोकळे असतात आणि आवाज खणखणीत आहे. मी त्यांना विषयांची यादी पाठवली आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही रोज एकेका विषयावर मराठीत दोन-तीन वाक्यं रेकॉर्ड करून पाठवाल का? साधं बोला, आपण घरी बोलतो तसं." दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट यायला लागल्या. कधी मागे प्रेशर कुकरची शिटी, कधी रिक्षा. "हे घे, आज विम्याचं आहे," अशी सुरुवात, आणि मग कर्ज, जामीन, थकलेला हप्ता, वारस, मुदत ठेव. बँकेच्या मराठीत बाबांना तोड नाही. फक्त एक वाक्य दीड मिनिटाचं असायचं. "बाबा, पस्तीस शब्द," म्हटलं की उत्तर यायचं, "अगं, खरा गिऱ्हाईक पस्तीस शब्दांत थांबतो का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण परीक्षेतला थांबतो.

त्यांच्या एका नोटवरून मला या परीक्षेची खरी मेख कळली. ती इथे जशीच्या तशी देते (परीक्षेतले संवाद बाहेर सांगायचे नसतात, त्यामुळे या लेखातली सगळी उदाहरणं सरावातलीच आहेत):

"परवा संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास जिन्यावरून उतरताना माझा डावा पाय मुरगळला. तेव्हा फारसं काही वाटलं नाही, पण काल सकाळपासून घोट्याला सूज आहे आणि पाय टेकवत नाही."

पंचवीस शब्द. एकही अवघड नाही. आता यात काय काय आहे बघा. परवा, म्हणजे दोन दिवसांपूर्वी. आपल्याकडे परवा पुढचाही असतो, तो मागचा आहे हे वाक्य संपताना 'मुरगळला'वरून कळतं. संध्याकाळ. पावणेसात, म्हणजे सहा पंचेचाळीस. 'सुमारास', म्हणजे नेमकी वेळ नाही. जिना, आणि तोही उतरताना. डावा. मुरगळला, मोडला नाही. तेव्हा फारसं वाटलं नाही. काल सकाळपासून. घोटा. सूज. आणि शेवटी पाय टेकवत नाही, म्हणजे नुसतं दुखतंय असं नाही, पायावर भार देता येत नाही. डॉक्टरला यातलं कुठलंही एक कमी सांगितलं तर पेशंटने न सांगितल्यासारखंच. मी पहिल्या दमात जिना आणि डावा सांगितला, 'सुमारास' गाळला, आणि पाय टेकवण्याचं सरळ दुखणं करून टाकलं.

तिथपासून मी नोट्सवर बसले. कोरा कागद आणि पेन चालतं. प्रत्येकाची खुणांची भाषा वेगळी असते, ती पाठ करून मिळत नाही, वापरून घडते. वरच्या वाक्याची माझी नोट पुढे पुढे अशी व्हायला लागली:

−२ सं ~६.४५ / जिना ↓ / डा पाय ↺ / तेव्हा ० / −१ स → घोटा सूज / टेक ×

उणे दोन म्हणजे परवा, उणे एक म्हणजे काल. नागमोडी रेघ म्हणजे सुमारे. शून्य म्हणजे विशेष काही नाही. आधी मी तिथे बरोबरची खूण करायचे, पण मग बोलताना "तेव्हा पाय ठीक होता" असं तोंडात यायचं, आणि ठीक होता असं तो म्हणालेलाच नाही. क्रियापदं शक्यतो लिहायची नाहीत, ती लक्षात राहतात. लिहायचे आकडे, नावं, दिवस, वेळ, दिशा आणि नकार. एका तुकड्याची नोट संपली की आडवी रेघ, नाहीतर पुढच्या वेळी मागचाच आकडा वाचला जातो.

आकड्यांसाठी वेगळा सराव करावा लागला. आपले आकडे आधी एकक सांगतात, मग दशक. सत्तेचाळीस ऐकताना आधी सात कानावर पडतो आणि हात सात लिहायला जातो. पूर्ण आकडा ऐकेपर्यंत पेन उचलून धरायचं, ही सवय लावून घ्यावी लागली. उलट बाजूने, इंग्रजीतला अडुसष्ट मराठीत सांगताना जीभ अडुसष्ट की अडसष्ट की अठ्ठावन्न अशी चाचपडते. इथे राहून आपण मुलांशीसुद्धा आकडे इंग्रजीतच बोलतो, त्याची ही किंमत. मी गाडीत बसले की पुढच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरचे आकडे मराठीत म्हणायचे. सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे यांचाही एक दिवस वेगळा काढा. अडीच हजार, दीड लाख, साडेतीन टक्के हे मराठी बोलणारा सहज बोलून जातो आणि टिंग वाजल्यावर तुम्ही शून्यं मोजत बसता.

मराठीकडे येताना वेगळे प्रश्न उभे राहिले. दुभाषा नेहमी 'मी' म्हणूनच बोलतो. "डॉक्टर म्हणताहेत की" असं लावायचं नाही. पण इंग्रजीतल्या 'मी'ला लिंग नसतं आणि मराठीत क्रियापदाशी आलं की ठरवावंच लागतं: सांगतो की सांगते? मी ठरवून टाकलं की आवाज पुरुषाचा असेल तर सांगतो, बाईचा असेल तर सांगते, आणि संवाद संपेपर्यंत ते बदलायचं नाही. पहिले काही दिवस स्वतःच्या तोंडून "मी तुम्हाला औषध लिहून देतो" ऐकताना मजा वाटायची. दुसरा प्रश्न 'आम्ही' आणि 'आपण'चा. ऑफिसातला माणूस पत्र पाठवणार असेल तर "आम्ही पाठवू", पण तो आणि समोरचा मिळून फॉर्म भरणार असतील तर "आपण भरू". इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, आणि निवड करायला तुमच्याकडे दोन सेकंद. यातला कुठला अर्थ घ्यायचा हे फक्त पुढच्यामागच्या बोलण्यावरून कळतं, म्हणून संवादाआधी जो प्रसंग दोन ओळींत सांगतात तो मन लावून ऐकायचा. कोण कोणाशी, कुठे, कशासाठी बोलतंय हे तिथेच कळतं.

इंग्रजी शब्द मराठीत किती चालतात, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मी जे धोरण ठेवलं ते सांगते. अपॉइंटमेंट, फॉर्म, रिपोर्ट, ईमेल हे मराठी शब्दच आहेत आता, ते खुशाल वापरले. मेडिकेअर, सेंटरलिंक, टेफ ही इथल्या सरकारी सेवांची आणि शिक्षणसंस्थांची नावं, त्यांना हात लावला नाही. मधल्या शब्दांसाठी पहिल्यांदा छोटं स्पष्टीकरण दिलं आणि नंतर तोच शब्द वापरला. "बाँड, म्हणजे अनामत रक्कम, चार आठवड्यांच्या भाड्याइतका आहे. तो आमच्याकडे राहत नाही, सरकारी बाँड ऑथॉरिटीकडे जमा होतो." किंवा विम्यातला एक्सेस: "क्लेम केला तर पहिले पाचशे डॉलर तुम्हाला भरावे लागतील." इथे शब्द शोधत बसण्यापेक्षा गोष्ट सांगून टाकणं लवकर होतं. टाळायचं ते "तुम्ही फॉर्म सबमिट करून डिसिजनची वेट करा" असलं मराठी. खरं सांगायचं तर आम्ही घरी असंच बोलतो. त्यामुळे एप्रिलभर आम्ही जेवणाच्या टेबलावर नियम केला: क्रियापद मराठीच. नवऱ्याला दोन दिवस बोलताच येईना.

विषयांच्या तयारीसाठी मी पुस्तकं घेतली नाहीत. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया, फेअर वर्क ओम्बड्समन, कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या सरकारी संस्थांच्या संकेतस्थळांवरची साधी माहिती उघडायची, दोन-दोन वाक्यं मोठ्याने वाचायची आणि मान वर करून मराठीत सांगायची. यात एक अनपेक्षित फायदा झाला. इतकी वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं की नोकरीवरून काढल्याची तक्रार करायला साधारण एकवीस दिवसांचीच मुदत असते, किंवा छोट्या खटल्यात कोर्टातच ड्यूटी लॉयरकडून फुकट सल्ला मिळू शकतो. व्यवस्था माहीत असली की संवाद पुढे कुठे जाणार याचा अंदाज येतो, आणि अंदाज आला की कान मोकळा राहतो. आमच्या डॉक्टरच्या भिंतीवर दुभाषा हवा असल्यास १३१ ४५० ला फोन करा असा कागद कित्येक वर्षं लावलेला आहे. एप्रिलमध्ये तिथे बसले असताना तो कागद मी पहिल्यांदा पूर्ण वाचला.

सराव रेकॉर्ड करा, आणि ऐका. ऐकणं नकोसं असतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दर वाक्याच्या सुरुवातीला 'तर' होता. तर तुम्हाला, तर आम्ही, तर उद्या. तो विचार करायला वेळ काढणारा 'तर' होता. त्याऐवजी सरळ एक श्वास घ्यायचा ठरवलं.

मे उजाडला. परीक्षा घरूनच, ऑनलाइन होती. आधी लॅपटॉप, कॅमेरा, माइक तपासून घ्यायला सांगतात, ते टाळू नका. मी वायरचा हेडफोन वापरला, ब्लूटूथवर माझा भरवसा नाही. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, टेबल रिकामं लागतं. १४ तारखेला सकाळी नवऱ्याला बाहेर पिटाळलं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. आमच्या शेजाऱ्यांकडे बुधवारी गवत कापायला माणूस येतो, त्याची मला आदल्या रात्री आठवण झाली. सकाळी जाऊन त्यांना सांगितलं तर बिचाऱ्यांनी त्याला दुपारी बोलावलं.

सुरुवातीला ओळखपत्र, मग कॅमेरा फिरवून खोली दाखवणं, टेबलाखालीही. कागद दोन्ही बाजूंनी कोरे असल्याचं दाखवलं. समोरची व्यक्ती परीक्षक नसते, ती फक्त परीक्षा घेते. तुमचं बोलणं रेकॉर्ड होतं आणि परीक्षक ते नंतर ऐकतात. त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काही शोधू नका, तिला मराठीचा गंधही नसू शकतो. मी पहिल्या दोन तुकड्यांनंतर तिच्याकडे बघणं सोडलं आणि कागदाकडे बघून बोलले.

पहिला संवाद ओळखीच्या वाटेने गेला. दुसऱ्यात एका तुकड्यात तीन तपशील एकामागोमाग आले आणि माझी नोट मध्येच तुटली. तिथे मी पुन्हा ऐकवा म्हटलं. हा नियम लक्षात ठेवा: प्रत्येक संवादात एकदा पुन्हा ऐकायला मागितलं तर मार्क जात नाहीत, त्यानंतर जातात. तो हक्क पहिल्याच लांब तुकड्यावर उधळायचा नाही, आणि राखून राखून वायाही घालवायचा नाही. मी आधीच ठरवलं होतं की दोन किंवा जास्त आकडे सुटले तरच मागायचं. मागताना तो आख्खा तुकडा परत ऐकू येतो, आणि उत्तरही आख्खंच द्यायचं असतं.

वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. शेवटी नोट्सचे कागद कॅमेऱ्यासमोर फाडायला लावले. इतकी तयारी, इतके पैसे, आणि वेळ एखाद्या फोन कॉलएवढा. उठले, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत प्रत्येक तुकडा डोक्यात परत वाजत होता. ते बंद करायचा उपाय मला सापडला नाही. बाबांचा फोन आला, "काय विषय होते?" म्हणून. म्हटलं, "बाबा, सांगायचं नसतं." ते जरा खट्टू झाले.

निकालाला जवळपास पाच आठवडे लागले. तोवर पोर्टल उघडून बघण्यात अर्थ नाही, ईमेल येते. तरी मी बघत होतेच. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, ऑफिसात मीटिंग चालू असताना ईमेल आली. पास. पत्रात दोन्ही संवादांचे वेगवेगळे मार्क आणि बेरीज होती. दुसऱ्या संवादाचे पहिल्यापेक्षा कमी, ते अपेक्षितच होतं. कुठे काय कापलं याचा तपशील नव्हता. मार्क किती ते लिहीत नाही, कारण ६३ असो की ८३, पॉइंट पाचच मिळतात आणि व्हिसावाले त्यापलीकडे काही विचारत नाहीत.

त्याच संध्याकाळी ईओआय, म्हणजे व्हिसासाठी इच्छुक असल्याची ऑनलाइन नोंद, उघडून कम्युनिटी लँग्वेजच्या प्रश्नाला 'हो' केलं. हे आपोआप होत नाही, नाटी काही कळवत नाही, आपणच जाऊन बदलायचं. पॉइंट ७५ चे ८० झाले आणि सोबत ईओआयची तारीखही बदलून त्या दिवसाची झाली. याची आधी कल्पना असू द्या. सारखे पॉइंट असलेल्यांमध्ये ज्याची तारीख आधीची तो पुढे असतो, त्यामुळे ८० च्या गटात मी सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. तरी ७५ च्या गटात पुढे असण्यापेक्षा ते बरंच बरं. निकाल आल्याशिवाय मात्र 'हो' करू नका. व्हिसाचा अर्ज करायचं आमंत्रण आलं आणि त्या दिवशी हातात पत्र नसलं तर सगळा अर्जच अडचणीत येतो.

निकाल तीन वर्षं चालतो. आमंत्रण येईल त्या दिवशी तो मुदतीत असायला हवा. म्हणून फार लवकरही देऊ नका. शिक्षण चालू असताना, अजून पदवीही हातात नसताना देणारे काहीजण मी पाहिलेत, त्यांचा वेळ रांगेतच संपतो. निकालाचं पत्र पोर्टलवरून उतरवून दोन ठिकाणी ठेवलंय, पासपोर्ट आणि स्किल असेसमेंटच्या शेजारीच. आमंत्रण अजून आलेलं नाही.